शून्याची पावती

“बदके मोजायला? आणि त्यासाठी गोंदियापर्यंत?”

आमच्या सौ.नी हातातले लाटणे पोळपाटावर ठेवून हा प्रश्न केला तेव्हाच मी समजलो, की प्रकरण सोपे नाही. माझी धाकटी बहीण तिरोड्याला असते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तिथल्या शाळेत मास्तर आहे. त्याचा फोन आला होता. “मामा, जानेवारीत बोदलकसा तलावावर पाणपक्ष्यांची गणती आहे. माणसे कमी पडतात. तुम्ही पस्तीस वर्षे नोटा मोजल्या आहेत, या ना!”

त्या ‘या ना’ने मी घायाळ झालो. निवृत्त माणसाला कोणी कामासाठी बोलावणे ही गोष्ट किती दुर्मिळ असते, हे निवृत्त झाल्याशिवाय कळत नाही. या पानावर वर्षभर मी दूधवाला, सोसायटीची सभा आणि नळाची गळती यांवर लिहीत असतो. त्यावरून चाणाक्ष वाचकांनी माझ्या दिनक्रमाचा अंदाज केलाच असेल. तेव्हा मी विदर्भ एक्स्प्रेसचे तिकीट काढले, माकडटोपी शोधली आणि शेजारच्या कुलकर्ण्यांकडून त्यांच्या चिरंजिवांची दुर्बीण मागून आणली. सौ.नी शेवटी लाडू बांधून दिले. “बदकांना घालू नका,” एवढीच सूचना केली.

बोदलकसा हे तिरोडे तालुक्यातले गाव. नागझिऱ्याचे जंगल इथून हाकेच्या अंतरावर. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ वाचलेल्यांना त्या रानाची ओळख सांगायला नको. गावाजवळच्या टेकड्यांच्या कुशीत एक ओढा अडवून 1917 साली मातीचे धरण बांधले गेले आणि हा तलाव झाला. बांधणाऱ्यांच्या डोक्यात अर्थातच धानाची शेती होती, पक्ष्यांचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही. पण शंभर वर्षांत पाण्याने आपले जग उभे केले. काठापर्यंत ऐन, धावडा, तेंदू, मोह उतरून आले आहेत, पाणथळीत अर्जुनाची झाडे पांढऱ्या खोडांनी उभी आहेत, आणि हिवाळा आला की या सगळ्याच्या मध्ये हिमालयापलीकडचे पाहुणे येऊन उतरतात.

पहाटे साडेपाचला आम्ही काठावर पोहोचलो. आम्ही म्हणजे मी, भाचा, त्याची बारा वर्षांची मुलगी, दोन कॉलेजकुमार, एक वनरक्षक आणि एक ढिवर गृहस्थ, ज्यांचा जन्म या पाण्यावर मासे धरण्यात गेला. धुके इतके, की तलाव कुठे सुरू होतो तेच दिसेना. फक्त आवाज येत होते. शेकडो पोरांनी एकदम शिट्ट्या फुंकाव्या तसा एक गलका मधूनमधून उठे.

“अडई,” ढिवर म्हणाले. बस्स, एवढेच. त्यांना दुर्बीण लागत नव्हती.

सूर्य वर आला, धुके फाटले, आणि समोर जे दिसले त्याने माझी छातीच दडपली. पाण्यावर काळे ठिपके, हजारो! निदान मला तरी हजारोच वाटले. पस्तीस वर्षांचा कॅशियर मी, पण नोटांना पंख नसतात. एक, दोन, तीन करत मी सदतीसपर्यंत आलो तोच अर्धा कळप उडाला, हवेत एक फेरी मारून भलतीकडेच बसला, आणि माझे सदतीस कुठे गेले ते परमेश्वरालाच ठाऊक.

“आजोबा, तसे नाही मोजायचे,” नात म्हणाली. “आधी दहा मोजा. दहा पक्षी केवढी जागा घेतात ते डोळ्यांत बसवा. मग तेवढे तेवढे तुकडे पाडत कळपावरून जा.”

अहो, म्हणजे गड्डीच की! शंभर नोटांची गड्डी हातात घेतली की कॅशियरच्या अंगठ्याला तिची जाडी कळते. दोन कमी असल्या तरी अंगठा अडखळतो. मी दहाच्या गड्ड्या बांधू लागलो. पहिल्या फेरीला मी आणि कॉलेजकुमार यांच्यात ऐंशीचा फरक आला, दुसऱ्या फेरीला तीसचा, तिसऱ्याला बाराचा. भाच्याने तिन्ही आकडे लिहून ठेवले. मी म्हटले, “अरे, खाडाखोड दिसेल.” तो म्हणाला, “मामा, फरक किती आला तेही खरेच आहे ना?” माझ्या बँकेत असे कोणी बोलले असते तर त्याची दुसऱ्या दिवशी बदली झाली असती.

काळी अंगे आणि पांढरी कपाळे मिरवत घोळक्याने पोहणाऱ्या पक्ष्याला आपल्याकडे ‘वारकरी’ म्हणतात. कपाळी टिळा लावून दिंडी चालावी तसेच ते दिसतात. तलवार बदकाची शेपटी, पाणकावळ्याचे पंख वाळत घालणे, पाण्याबाहेर नुसती मान काढून सापासारखा फिरणारा तिरंदाज, हे सगळे मी त्या एका सकाळी प्रथम पाहिले. साठी उलटल्यावर! नातीला मात्र सगळ्यांची नावे पाठ. या भागातल्या पक्ष्यांची नावे, त्यांच्या लकबी मराठी वाचकाच्या घरात पोहोचवल्या त्या मारुती चितमपल्लींनी. वनाधिकारी म्हणून त्यांची कितीतरी वर्षे इथूनच जवळ नवेगावबांधला गेली. ते 2025 च्या जूनमध्ये वारले. त्यांचा वाढदिवस 5 नोव्हेंबरचा आणि सलीम अलींचा 12 नोव्हेंबरचा. मधला तो आठवडा 2020 सालापासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

गणतीचा कागद मोठा मजेदार असतो. पक्ष्याचे नाव आणि संख्या एवढेच नव्हे, तर वेळ, हवा, पाणी किती आहे, काठावर गुरे चरत होती का, जाळी लावली होती का, कोणते तण माजले आहे, सगळे लिहायचे. म्हणजे नाव बदकांचे, पण नाडी तपासायची ती साऱ्या तलावाची आणि त्याला पाणी पुरवणाऱ्या रानाची. आशिया खंडातल्या पाणपक्ष्यांची ही जानेवारीतली गणती 1987 पासून चालू आहे, आणि आपल्याकडे तिची सूत्रे हलवण्यात 1883 सालच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा मोठा वाटा आहे. मोजणारे बहुतेक माझ्यासारखे. म्हणजे पगार नाही, भत्ता नाही, आणि चहा ज्याचा त्याने आणायचा.

हे वेड मूळचे अमेरिकेतले. तिकडे नाताळात बंदुका घेऊन बाहेर पडायची आणि जास्त पाखरे कोण मारतो याची पैज लावायची चाल होती. 1900 सालच्या नाताळात फ्रँक चॅपमन नावाच्या गृहस्थाने सुचवले, की मारण्याऐवजी मोजूया. पहिल्या वर्षी 27 माणसे तयार झाली. ती गणती आजतागायत एकाही वर्षी चुकलेली नाही. आपल्याकडे संक्रांतीला, दिवाळीला असे काही सुचवले तर घरचे काय म्हणतील याची मला कल्पना आहे. असो.

जानेवारीची कथा एवढीच असती तर मी ती दिवाळी अंकापर्यंत सांभाळून ठेवली नसती. खरी गोष्ट जूनची.

परत येताना भाच्याने सहज विचारले होते, “मामा, जूनमध्ये सारसांच्या गणतीला याल?” आणि मी बेसावधपणे ‘हो’ म्हणालो होतो.

सारस म्हणजे माणसाएवढा उंच पक्षी. उडणाऱ्या पाखरांत याच्याहून उंच दुसरे नाही. राखाडी अंग, लालभडक मान, आणि आयुष्यभराची जोडी. वाल्मीकींच्या क्रौंचवधातला क्रौंच तो सारसच, असे मानणारे अनेक अभ्यासक आहेत. उत्तर प्रदेशात, गुजरातेत सारस पुष्कळ. महाराष्ट्रात मात्र त्याचा संसार उरला आहे तो मुख्यतः याच एका गोंदिया जिल्ह्यात, वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या काठच्या धानशेतीत. नदीपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट. तिथेही सारस आहेत, आणि सकाळी एका राज्यात न्याहारी करून दुपारी दुसऱ्या राज्यात जायला त्यांना कोणाची परवानगी लागत नाही.

गोंदियातली ‘सेवा’ ही संस्था, गावोगावचे शेतकरी आणि वनखाते मिळून गेली कित्येक वर्षे पावसाच्या तोंडावर ही गणती करतात. ज्या शेतकऱ्यांच्या बांधीत सारस घरटे करतात त्यांतूनच ‘सारसमित्र’ तयार झाले. 2020 च्या सुमारास जिल्ह्यात चाळीसहून अधिक सारस भरले होते. पुढच्या दोनतीन वर्षांत तो आकडा तीस-पस्तीसवर घसरला. कारण एक नाही. शेतातली विषारी औषधे, डोक्यावरच्या विजेच्या तारा, बेशरमाच्या झुडपांनी बुजत चाललेली तळी, कधी नासलेली घरटी. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वर्तमानपत्रातल्या बातमीवरून या घसरणीची स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला जाब विचारला. त्या बातमीतला आकडा कुठून आला होता? शेताच्या धुऱ्यावर पहाटे उकिडवे बसलेल्या माणसांच्या कागदावरून.

तर जूनमधल्या त्या पहाटे मीही एका धुऱ्यावर उकिडवा बसलो होतो. मृग लागला होता, पण पाऊस नव्हता. पहाटेही अंगाला घाम. समोर नदीकाठची झाडी, अलीकडे उन्हाळी धान निघून गेलेल्या मोकळ्या बांध्या, आणि एका कोपऱ्यात पऱ्हे टाकण्यासाठी केलेली चिखलणी. शेत ज्यांचे ते सारसमित्र माझ्या शेजारी बसले होते. गृहस्थ पन्नाशीचे, अंगात बंडी, बोलणे मोजके.

“काकाजी, चष्मा पुसून घ्या जी,” ते म्हणाले. “पाखरू आलं तं आलं, नाई तं नाई. पन मंग दिसलं नाई असं नको व्हायले.”

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या बांधीत जोडीने घरटे केले होते. सारसाचे घरटे म्हणजे उभ्या धानात गवताकाड्यांचा मोठा चौथराच. तेवढे धान गेलेच, शिवाय भोवताली निंदणाला, फवारणीला जाता येईना. मी कॅशियरी बुद्धीने विचारले, “नुकसान किती झाले?” त्यांनी हिशेब सांगितला नाही. म्हणाले, “घरवाली म्हने, पाहुना आला तं एक पायली जास्त लागनारच.” दोन अंडी होती. एक पिल्लू निघाले, पंधरा दिवस दिसले, मग दिसले नाही. रात्री कुत्री आली असावीत. हे सांगताना ते नदीकडे पाहत होते.

ठीक पाच वाजून बावन्न मिनिटांनी ते आले! आधी आवाज ऐकू आला. तुतारी फुंकावी तसा, आणि नराच्या हाकेला मादीचे उत्तर इतके लगोलग, की एकाच गळ्यातून निघाले असे वाटावे. मग झाडीवरून दोन प्रचंड आकृती, संथ पंख हलवीत, डोक्यावरून आल्या आणि आमच्या समोरच्या बांधीत उतरल्या. माझ्या हातातला पेन खाली पडला. जोडी चिखलात उभी राहिली, एकाने मान वाकवली, दुसऱ्याने पंख पसरले. माझ्या डोळ्यांत पाणी का यावे? पण आले. चष्मा पुन्हा पुसावा लागला.

मी कागदावर ठळक अक्षरांत लिहिले : सारस, प्रौढ, 2. वेळ 5.52.

नऊ वाजता सगळ्या तुकड्या एका गावाच्या शाळेत जमल्या. पोह्यांच्या बशा फिरत होत्या. आमच्या भागाचा मेळ घालणारा मुलगा कॉलेजात शिकणारा, माझ्या नातवाच्या वयाचा. त्याने माझा कागद पाहिला, दुसऱ्या तुकडीचा पाहिला, आणि अदबीने म्हणाला, “आजोबा, तुमचे शून्य धरावे लागतील.”

“शून्य? मी या डोळ्यांनी पाहिले!”

“पाहिलेच. पण ही जोडी रात्री शेजारच्या बोडीत मुक्कामाला होती. त्या तुकडीने पाच वाजता तिथे दोन लिहिले आहेत. पाच अठ्ठेचाळीसला उडाल्याचे आणि दिशाही लिहिली आहे. जिथे रात्रीचा मुक्काम, तिथे गणती. तुमच्याकडे ती पाहुणी.”

वाचकहो, मी वाद घातला. कबूल करायला लाज वाटते, पण घातला. वेगळी जोडी असेल म्हणालो. दिशा चुकली असेल म्हणालो. आणि शेवटी जे बोललो ते तर माझ्या साऱ्या नोकरीला काळिमा फासणारे होते. मी म्हणालो, “अरे, दोन जास्त झाले तर कोणाचे काय बिघडते? उलट आकडा वाढलेला दिसेल. लोकांना हुरूप येईल.”

शाळेची खोली क्षणभर गप्प झाली. मुलगा काही बोलला नाही. बोलले ते सारसमित्र, दारात उभे राहून.

“काकाजी, दोन जास्त लिवले तं वरचे म्हनतील पाखरं वाढून रायले, आता काई करायची गरज नाई. मंग माह्या बांधीतलं पिल्लू मेलं ते कोन्या कागदावर दिसन?”

मला एकदम सत्तावीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली. माझ्या काउंटरवर रोकड मोजताना पाचशे रुपये जादा निघाले होते. कमी नव्हे, जादा. मी नवखा नव्हतो, पण मनात आले, कमी तर नाहीत ना, मग कशाला बभ्रा? आमचे हेड कॅशियर म्हणजे जुन्या वळणाचा माणूस. त्यांनी मला रात्री साडेनऊपर्यंत बसवून एकेक पावती तपासायला लावली. चूक सापडली : एका म्हाताऱ्या पेन्शनर बाईंना मी पाचशेची एक नोट कमी दिली होती. जादा निघालेले पैसे कोणाच्या तरी तुटीतूनच आलेले असतात, असे हेड कॅशियर त्यावर म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंच्या घरी जाऊन नोट देऊन आलो. त्यांनी मला चहा पाजला. त्यांना कमी आल्याचे कळलेच नव्हते.

मी पेन उघडला. दोनावर एक रेघ मारली, खाली शून्य लिहिले, बाजूला सही केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : ‘5.52 वाजता दोन प्रौढ शेजारील ठिकाणाहून आले. मुक्काम येथे नव्हता.’ मुलगा म्हणाला, “आजोबा, शून्यसुद्धा जपून ठेवतो आम्ही. पुढे तिथे सारस आले, तर केव्हापासून आले ते या शून्यावरूनच कळेल. आणि जिथे पूर्वी होते तिथे शून्य आले, तर तेही.” मग त्याने मला पोह्यांची दुसरी बशी दिली. मी ती घेतली. भूक लागलीच होती.

भाचा परतीच्या वाटेवर काही बोलला नाही. नात मात्र म्हणाली, “आजोबा, तुम्ही रडत होतात तेव्हा मी तुम्हाला पाहिले.” मी म्हटले, “चिखलणीवरचे डास होते.” तिने वहीत काहीतरी लिहिले. काय ते मला दाखवले नाही.

घरी आल्यावर सौ.नी विचारले, “मग? किती मोजलीत?” मी म्हणालो, “शून्य.” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले, आणि नवल म्हणजे पुढे काही विचारले नाहीत. चहा टाकला.

सप्टेंबरअखेर, पितृपंधरवड्याच्या सुमारास, रात्री आठला फोन वाजला. पलीकडून खरखरीत आवाज : “काकाजी, बोलून रायलो जी, धुऱ्यावरचा.” जोडीने पुन्हा घरटे केले होते, यंदा त्यांच्याच बांधीत, जरा आतल्या बाजूला. दोन अंडी. दोन्ही फुटली. दोन पिल्ले आईबापांच्या मागे धानातून हिंडत होती. ते आणि त्यांचा मुलगा आळीपाळीने रात्री राखणीला जात होते. कुत्री यायची ती वाट त्यांनी बोराट्या टाकून बंद केली होती.

मला इतका आनंद झाला, की मी ओरडलोच, “म्हणजे चार झाले की हो भाऊ!”

“दोन,” ते म्हणाले. “पिल्लं जूनपर्यंत टिकली तं चार लिहू. येजा तवा. चष्मा पुसून आनजा.”